समन्यायी वाटपाचा प्रश्न : कृष्णाखोरे आणि कार्बन उत्सर्जनाची राष्ट्रीय जबाबदारी
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीपूर्वी वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग इतके होते. २०२४ मध्ये ते ४२० भागांच्या पुढे गेले. ही वाढ प्रामुख्याने कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनामुळे झाली, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो जबाबदारीविषयी. ज्या राष्ट्रांनी दीड-दोन शतके हे इंधन जाळून समृद्धी मिळविली त्यांनी किती भार उचलावा आणि ज्यांच्या विकासाला उशिरा प्रारंभ झाला त्यांनी किती, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय परिषदांत अनेक दशके चर्चिला जात आहे.

हा प्रश्न बहुधा राष्ट्रांच्या राजधान्यांतून पाहिला जातो. प्रस्तुत लेखात तो कृष्णेच्या खोऱ्यातून, सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतून पाहिला आहे. सामाईक आणि मर्यादित साधनसंपत्ती कोणत्या न्यायाने वाटावी, या प्रश्नाशी हे खोरे अर्धशतकाहून अधिक काळ झुंजत आले आहे. येथील पाण्याच्या चळवळींनी ‘समन्यायी वाटप’ हा शब्द लोकांच्या तोंडी रुळविला. जागतिक हवामान वाटाघाटींतील मध्यवर्ती प्रश्नही समन्यायाचाच आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) विकसित व विकसनशील राष्ट्रांतील उत्सर्जनाच्या जबाबदारीविषयीच्या वादाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) कृष्णा पाणीतंट्यातील वाटपाची तत्त्वे आणि वातावरणाच्या वाटपाचा प्रश्न यांची तुलना करणे.
३) सातारा व सांगली जिल्ह्यांच्या अनुभवावरून ‘राष्ट्रीय जबाबदारी’ या संकल्पनेच्या मर्यादा स्पष्ट करणे.

१९७२ : स्टॉकहोम आणि दुष्काळ

जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक परिषद भरली. १४ जून रोजी भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तेथे भाषण केले. दारिद्र्य आणि गरज हीच मोठी प्रदूषके नव्हेत काय, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी श्रीमंत राष्ट्रांपुढे ठेवला. पर्यावरणाची काळजी गरिबांच्या विकासाच्या आड येता कामा नये, ही भारताची भूमिका तेव्हापासून रूढ झाली.

याच वर्षी महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ ओढवला. साताऱ्यातील माण व खटाव, सांगलीतील जत, आटपाडी व कवठेमहांकाळ या तालुक्यांत पिके गेली, जनावरे दावणीला राहिली नाहीत आणि शेतकरी कुटुंबे खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर गेली. या अनुभवातूनच रोजगार हमी योजनेला पुढे कायद्याचे रूप मिळाले. घरात वीज नाही, शेतात पंप नाही आणि इंधन म्हणून काटक्या व शेणी आहेत, अशा माणसाच्या नावे उत्सर्जन मांडावयाचे तरी किती? स्टॉकहोमच्या भाषणातील दारिद्र्य म्हणजे काय, याचे उत्तर त्या वर्षी माणदेशात पाहावयास मिळत होते.

खिल्लार जनावरे आणि आकडेवारीचे राजकारण

१९९० मध्ये वॉशिंग्टन येथील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची राष्ट्रवार क्रमवारी प्रसिद्ध केली. तीत अमेरिका व सोव्हिएत संघाबरोबर ब्राझील, चीन आणि भारत यांचाही पहिल्या पाचांत समावेश होता. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राच्या वतीने अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये या मांडणीचा प्रतिवाद केला. भाताच्या खाचरांतून व गुराढोरांपासून निघणारा मिथेन आणि मोटारगाड्यांतून निघणारा धूर एकाच मापाने मोजणे अन्यायकारक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जगण्यासाठी अपरिहार्य असलेले उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन यांत त्यांनी भेद केला. पृथ्वीची वायू शोषून घेण्याची क्षमता ही सर्व मानवजातीची सामाईक मालमत्ता असून तिचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात झाले पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

या भेदाचा अर्थ माणदेशात सहज उलगडतो. माण, आटपाडी हा खिल्लार जनावरांचा मुलूख. अल्प पावसाच्या या प्रदेशात शेती बुडाली तरी जनावर आणि मेंढरू यांवर कुटुंब तग धरते. खिल्लार बैलाच्या रवंथातून निघणाऱ्या मिथेनची नोंद जागतिक हिशेबात होते. परंतु त्या बैलामुळे ट्रॅक्टरचे डिझेल वाचले, ही नोंद त्याच ओळीत होत नाही.

१९९२ च्या रिओ परिषदेत स्वीकारलेल्या हवामान बदलविषयक करारात ‘समान परंतु विभेदित जबाबदारी’ हे तत्त्व नमूद झाले. १९९७ च्या क्योटो करारान्वये विकसित राष्ट्रांनी २००८ ते २०१२ या काळात आपले एकत्रित उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सरासरी ५.२ टक्के घटविण्याचे बंधन मान्य केले. विकसनशील राष्ट्रांवर असे बंधन नव्हते. तथापि क्योटो परिषदेपूर्वीच, जुलै १९९७ मध्ये, अमेरिकेच्या सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव करून विकसनशील राष्ट्रांना मोकळे ठेवणाऱ्या करारास विरोध दर्शविला होता. अमेरिकेने क्योटो करारावर स्वाक्षरी केली, पण त्यास मान्यता दिली नाही. २००१ मध्ये तिने तो नाकारला आणि अमेरिकेविनाच तो १६ फेब्रुवारी २००५ रोजी अमलात आला.

कृष्णा लवाद : जुन्या वापराचे मोल

महाबळेश्वरी उगम पावून सातारा-सांगलीतून पुढे कर्नाटक व आंध्रकडे जाणाऱ्या कृष्णेच्या पाण्यावरून राज्याराज्यांत तंटा झाला. १९६९ मध्ये न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमण्यात आला. लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचे २०६० अब्ज घनफूट पाणी गृहीत धरून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट असे वाटप केले. हे वाटप करताना सप्टेंबर १९६० पर्यंत रूढ झालेल्या किंवा हाती घेतलेल्या वापरास संरक्षण मिळाले. ज्याने आधी धरण बांधले, कालवा काढला, त्याच्या वापराला मान देण्यात आला.

येथे एक मूलभूत फरक लक्षात घेतला पाहिजे. नदीच्या बाबतीत जुना वापर हा हक्काचा आधार ठरतो, कारण कालव्यावर वसलेल्या शेतकऱ्याचे पाणी एकाएकी तोडणे अन्यायाचे होईल. शिवाय नदीचे खाते दर पावसाळ्यात नव्याने उघडते. गतवर्षी कोणी अधिक पाणी घेतले म्हणून यंदाचा पाऊस कमी होत नाही. वातावरणाचे खाते तसे नाही. एकदा सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके हवेत राहतो. मागील बाकी पुढे ओढली जाते आणि नंतर येणाऱ्याच्या वाट्याची जागा तेवढी कमी होते. म्हणून पाण्याच्या वाटपात जे हक्काचे कारण ठरते, तेच हवेच्या वाटपात देण्याचे कारण ठरावयास हवे.

१८ व्या शतकाच्या मध्यापासूनचे खनिज इंधनजन्य उत्सर्जन एकत्र केल्यास अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश भरतो. भारताचा वाटा, जगातील सहावा हिस्सा लोकसंख्या असूनही, तीन-चार टक्क्यांच्या आसपास आहे. असे असताना प्रत्यक्ष वाटाघाटींत जुन्या वापराला पाण्याच्या न्यायानेच संरक्षण मिळत गेले. क्योटो करारात १९९० हे आधारवर्ष धरले गेले, म्हणजे ज्याचे उत्सर्जन त्या वर्षी अधिक होते त्याची पुढील मर्यादाही अधिक राहिली. राष्ट्रांची ऐतिहासिक उत्सर्जने मोजून भार ठरवावा, असा प्रस्ताव ब्राझीलने १९९७ मध्ये मांडला होता, पण तो करारात उतरला नाही.

कोयना : परिभाषेपूर्वीचा त्याग

‘स्वच्छ ऊर्जा’ हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी सातारा जिल्ह्याने कोळशाविना वीज निर्माण करण्याची किंमत मोजली होती. पाटण तालुक्यात कोयनेवर धरण बांधण्यात येऊन १९६२ मध्ये वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. पुढील टप्प्यांनंतर प्रकल्पाची स्थापित क्षमता १९६० मेगावॅटपर्यंत गेली. ही वीज प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या उद्योगांना व राज्याच्या वीजजाळ्याला मिळाली. शिवसागर जलाशयात कोयना खोऱ्यातील गावे बुडाली आणि तेथील कुटुंबे निरनिराळ्या जिल्ह्यांत विखुरली. पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी त्यांची आंदोलने अर्धशतक उलटल्यानंतरही चालू राहिली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले.

कोयनेचे पाणी वीज निर्माण करून सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरते व समुद्रास मिळते. बचावत लवादाने या पश्चिमेकडील वापराची मर्यादा वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट इतकी ठरविली. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुका आहे. महाबळेश्वरी वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर माणमध्ये पाचशे मिलिमीटरच्या आसपास. भारताच्या उत्सर्जनाचा ताळेबंद मांडताना कोयनेची वीज राष्ट्राच्या जमेस धरली जाते. विस्थापितांनी आणि कोरड्या तालुक्यांनी सोसलेला भार मात्र राष्ट्रीय सरासरीत दिसेनासा होतो.

पवनचक्क्या आणि प्रमाणपत्रांचा व्यापार

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे या पठारांवर आणि सांगली जिल्ह्यात ढालगाव परिसरात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. केंद्राच्या आयकरातील वाढीव घसाऱ्याची सवलत आणि राज्य शासनाची विक्रीकरातील सवलत यांमुळे अनेक उद्योगांनी येथे गुंतवणूक केली. २००५ नंतर यांत एका नव्या उत्पन्नाची भर पडली. क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेनुसार विकसनशील राष्ट्रातील प्रकल्पाने एक टन उत्सर्जन टाळल्यास त्यास एक प्रमाणपत्र मिळे आणि ते प्रमाणपत्र विकसित राष्ट्रातील उद्योगास विकता येई. नोंदणीकृत प्रकल्पांच्या संख्येत चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागला. महाराष्ट्रातील पवनऊर्जा प्रकल्पांचाही त्यांत समावेश होता.

या व्यवहाराचे स्वरूप बारकाईने पाहिले पाहिजे. प्रमाणपत्र विकत घेणाऱ्या युरोपीय कारखान्यास तेवढाच एक टन वायू आपल्या धुराड्यातून सोडण्याची मुभा मिळे. म्हणजे साताऱ्याच्या वाऱ्याने वाचविलेला टन दुसरीकडे खर्ची पडे आणि वातावरणाच्या खात्यावर बेरीज-वजाबाकी शून्य राही. त्यातही यंत्रणेची अट अशी होती की, प्रमाणपत्रांच्या उत्पन्नाशिवाय जो प्रकल्प उभा राहिला नसता त्यालाच ती मिळावीत. करसवलतींच्या बळावर आधीच फायदेशीर ठरलेल्या प्रकल्पांबाबत ही अट पाळली गेली काय, अशी शंका अभ्यासकांनी वारंवार उपस्थित केली. अट पाळली गेली नसेल, तर अशा व्यवहाराने वातावरणातील वायूत प्रत्यक्ष भरच पडली असे म्हणावे लागते. २०१२ नंतर युरोपीय बाजाराने अत्यल्प विकसित राष्ट्रे वगळता अन्य देशांतील नव्या प्रकल्पांची प्रमाणपत्रे स्वीकारणे थांबविले. प्रमाणपत्राचा भाव एका युरोच्याही खाली गेला आणि हा बाजार ओसरला.

या काळात पठाराखालच्या गावांना काय मिळाले? जमिनीचे एकरकमी मोल आणि थोडा रोजगार. प्रमाणपत्रांचे उत्पन्न प्रकल्पाच्या मालकाचे होते. पठाराच्या सृष्टीवरही परिणाम झाला. चाळकेवाडी येथे झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांची संख्या सुमारे चौपटीने कमी आणि सरड्यांची संख्या वाढलेली आढळली.

२००३-०४ च्या दुष्काळात या भागातील काही गावांत अशी समजूत पसरली होती की, पवनचक्क्या ढग पळवून लावतात. शास्त्रीयदृष्ट्या ती निराधार होती. मोसमी पाऊस अरबी समुद्र आणि हजारो किलोमीटर पसरलेले वारे यांवर ठरतो, पठारावरील पात्यांवर नव्हे. परंतु या समजुतीमागचा प्रश्न निराधार म्हणता येणार नाही. आभाळात कोणीतरी ढवळाढवळ केली आहे आणि तिची झळ आपल्याला बसते आहे, असे त्या शेतकऱ्याला वाटत होते. त्याने दोषी म्हणून बोट दाखविले ते डोळ्यांसमोरच्या यंत्राकडे, कारण खरा कर्ता काळाने व अंतराने दूर होता. ऐतिहासिक उत्सर्जनाच्या जबाबदारीचे वैशिष्ट्यच हे आहे की, करणारा आणि भोगणारा एकमेकांना दिसत नाहीत.

महापूर आणि दोषारोप

जुलै-ऑगस्ट २००५ मध्ये सांगलीत महापूर आला. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याहून मोठा पूर येऊन आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांपुढे गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून पूरग्रस्तांचा बळी गेला. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली.

कोणताही एक पूर केवळ तापमानवाढीमुळे आला, असे म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. पूररेषेतील बांधकामे, नदीपात्रातील अडथळे आणि धरणांतील पाणी सोडण्याचे नियोजन यांचाही त्यांत भाग असतो. तथापि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. प्रवृत्तीची दिशा स्पष्ट आहे.

सांगलीत मात्र दोषाची चर्चा मुख्यतः कर्नाटकातील अलमट्टी धरणाभोवती फिरली. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये अलमट्टीचे पाणी फुगल्यामुळे हा पूर आला नाही असा निष्कर्ष दिला, तरी वाद मिटला नाही. वरच्याने सोडले म्हणून खालचा बुडाला की खालच्याने अडविले म्हणून वरचा बुडाला, हे ठरविण्यासाठी निदान लवाद, समित्या आणि पाण्याच्या नोंदी तरी आहेत. वातावरणाच्या बाबतीत असे न्यायपीठ दीर्घकाळ नव्हते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या सल्लागार मतात हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे आणि त्याच्या भंगातून भरपाईचेही दायित्व उद्भवू शकत असल्याचे सांगितले. हे मत बंधनकारक नसले तरी त्या दिशेचे महत्त्वाचे पाऊल आहे.

आटपाडीचा धडा

लवादाने महाराष्ट्रास ५६० अब्ज घनफूट पाणी दिले, एवढ्याने आटपाडीच्या शिवारात पाणी आले नाही. राज्याचा वाटा ठरल्यानंतर त्या वाट्यातून कोणाला किती, हा दुसरा प्रश्न शिल्लक राहिला. नदीकाठच्या ऊसक्षेत्रास पाणी मिळत गेले आणि पूर्वेचे तालुके कोरडे राहिले. हा प्रश्न घेऊन क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून आटपाडी येथे पाणी संघर्ष परिषदा भरू लागल्या. त्यांत जी. डी. बापू लाड, डॉ. भारत पाटणकर आदींचा सहभाग होता. जमीन कितीही असो, प्रत्येक कुटुंबास उपजीविकेपुरते पाणी मिळाले पाहिजे, अशी या चळवळीची मागणी होती. तत्पूर्वी १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातील बलवडी व तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी येरळा नदीवर लोकसहभागातून बळीराजा धरण उभारून समान पाणीवाटपाचा प्रयोग केला होता.

‘जमिनीप्रमाणे नव्हे, माणसाप्रमाणे’ हे आटपाडीचे सूत्र आणि ‘दरडोई समान हक्क’ हे भारताने जागतिक व्यासपीठावर मांडलेले सूत्र यांचा गाभा एकच आहे. २००२ मध्ये दिल्लीत भरलेल्या आठव्या हवामान परिषदेत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी दरडोई समान हक्काचाच पुरस्कार केला होता. हे सूत्र राष्ट्राच्या सीमेवर येऊन थांबू शकत नाही. भारताचे दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन, तर अमेरिकेचे चौदा टनांच्या घरात आहे, हे खरे आहे. परंतु दोन टन ही सरासरी आहे. तीत महानगरातील वातानुकूलित घरही आहे आणि जत तालुक्यातील वाडीही आहे. जतच्या माणसाच्या अल्प उत्सर्जनामुळे सरासरी खाली येते आणि तिच्या आधारे राष्ट्रास वाटाघाटींत सवलत मिळते. त्या सवलतीचा लाभ त्याच्यापर्यंत पोचतो काय, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने शेकडो फूट उचलून दुष्काळी तालुक्यांत नेले. यासाठी प्रचंड वीज लागते आणि वीजबिल थकल्याने उपसा बंद पडल्याचे प्रसंगही आले. ही वीज कोळशाची असेल तर तिचेही उत्सर्जन होते. पण ते जगण्यासाठीचे उत्सर्जन आहे. अशा पंपांना सौरऊर्जेची जोड देणे हाच खरा तोडगा होय. मात्र अशा प्रकल्पांना विकसित राष्ट्रांचा पैसा बहुतांशी कर्जरूपाने मिळतो. म्हैसाळ योजनेच्या सौर प्रकल्पासाठीही जर्मनीच्या विकास बँकेचे कर्जच योजिले गेले. ज्याच्या अंगी जुने देणे आहे त्यानेच सावकार व्हावे, ही विसंगती आहे.

पॅरिसनंतर

२०१५ च्या पॅरिस करारात सर्वच राष्ट्रांनी आपापली उद्दिष्टे स्वतः ठरवावीत, अशी व्यवस्था आली. विकसित व विकसनशील ही १९९२ ची विभागणी तोवर पूर्वीइतकी नेमकी राहिली नव्हती. वार्षिक उत्सर्जनात चीन पहिल्या आणि भारत तिसऱ्या क्रमांकावर पोचला. कतारसारख्या राष्ट्राचे दरडोई उत्सर्जन युरोपपेक्षा कितीतरी अधिक असूनही त्याची गणना विकसनशील गटात होती. तेव्हा केवळ जुन्या गटाचे नाव सांगून जबाबदारी टाळता येणार नाही, हे विकसनशील राष्ट्रांनाही मान्य करावे लागेल. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले.

दुसऱ्या बाजूस, २००९ मध्ये विकसित राष्ट्रांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभारण्याचे दिलेले वचन दोन वर्षे उशिरा पुरे झाले. २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले. भारताने ते अपुरे असल्याचे तेथेच सांगितले. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला.

निष्कर्ष

१) पाण्याच्या वाटपात जुना वापर हा हक्क मानला जातो. वातावरणाच्या वाटपात तो देणे मानला पाहिजे, कारण तेथे मागील उत्सर्जन नाहीसे होत नाही. विकसित राष्ट्रांची जबाबदारी या हिशेबातून सिद्ध होते. ती औदार्याची बाब नव्हे.

२) प्रमाणपत्रांच्या व्यापाराने जबाबदारी पार पाडली गेली नाही, ती दुसऱ्याच्या पठारावर स्थलांतरित झाली. सातारा जिल्ह्यातील पवनऊर्जेचा अनुभव हेच दर्शवितो.

३) राष्ट्र हे जबाबदारी मोजण्याचे आवश्यक एकक आहे, परंतु पुरेसे नाही. ज्या न्यायाने भारत जगाकडे वाटा मागतो त्याच न्यायाने त्याने कोयनेचे विस्थापित, पठारावरील गावे आणि दुष्काळी तालुके यांना वाटा दिला पाहिजे. आटपाडीत समन्यायाची मागणी शेजारच्या नदीकाठाकडे करण्यात आली होती. तीच मागणी जगाकडे करणाऱ्या राष्ट्राला ती घरात नाकारता येणार नाही.

कृष्णाखोऱ्यातील वाटपाचा लढा अद्याप संपलेला नाही. परंतु वाटा मागणाऱ्याने वाटा देण्यासही सिद्ध असावे लागते, हे या खोऱ्याने आपल्या अनुभवातून जाणले आहे. कार्बन उत्सर्जनाच्या जबाबदारीची चर्चा करणाऱ्या राष्ट्रांनाही, विकसित असोत वा विकसनशील, याच कसोटीस उतरावे लागेल.